हिरकणीचं मूल दोन वर्षांचं होतं तेव्हा

(लोणखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून काहींना प्रश्न पडला असेल. मूल मोठं झाल्यावरही अंगावर पाजणं हा डॉक्टरांचा विषय, फार तर अंगणवाडीताईंचा. समीक्षेचा धंदा करणाऱ्यांचं इथे काय काम?

आमच्या मते काम आहे. पाजणारी आई ही आपल्या भाषेतली फार जुनी प्रतिमा आहे. संतांनी देवाच्या कृपेला पान्हा म्हटलं. विठ्ठलाला माउली म्हटलं. भाषणात, भित्तिपत्रकात, सिनेमात ही आई सारखी येते. एवढ्या वेळा येणारी प्रतिमा तपासून पाहायची की नाही? तिच्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पाहणं हे समीक्षेचंच काम.

आम्हाला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाट चुकायला नको. आपल्या कथांनी तान्ह्याला पाजणारी आई पाहिली. चालणाऱ्या, बोलणाऱ्या, भाकरीचा तुकडा हातात घेऊन पुन्हा आईच्या मांडीवर येणाऱ्या मुलाची आई फारशी पाहिली नाही. कथांनी पाहिली नाही म्हणून कायद्यांनीही पाहिली नाही, असं थेट म्हणणं जास्त होईल. पण दोन्हीकडे आंधळी जागा एकच आहे. आणि ती जागा आपल्या जिल्ह्याला महाग पडते.

कडा लक्षात राहिला, दरवाजा विसरला

सुरुवात हिरकणीपासून करू, कारण महाराष्ट्रात या विषयाचं नावच हिरकणी झालं आहे. एसटी स्थानकात हिरकणी कक्ष, सरकारी कचेरीत हिरकणी कक्ष. एसटीच्या निमआराम गाडीचं नावही हिरकणी. २०१९ मध्ये प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला ‘हिरकणी’ सिनेमा आला, सोनाली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. रायगडाच्या पायथ्याची गवळण गडावर दूध घालायला गेली. कोजागरीचा दिवस. उशीर झाला, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. पहारेकरी सोडेनात. मग ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधवला. तो हिरकणी बुरूज आजही दाखवतात.

ही आख्यायिका आहे. तिला कागदपत्रांचा पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळा विचारायचा. ही गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे थांबते?

ती एका रात्रीत संपते. दुसऱ्या दिवशी हिरकणी दूध घालायला गेली का? गेली असेल तर बाळ कुणाजवळ ठेवलं? बाळ दीड वर्षाचं झालं, उंबरठा ओलांडायला लागलं, तेव्हा काय केलं? गोष्टीला याच्याशी देणंघेणं नाही. तिला कडा हवा आहे. आईचं प्रेम कड्यावर सिद्ध होतं, रोजच्या सहाव्यांदा-सातव्यांदा पाजण्यात नाही.

दुसरं. हिरकणी दूध विकायला गेली होती, हे आपण ऐकतो आणि सोडून देतो. एक दूध विकायचं आहे, ते विकलं तर घर चालतं. दुसरं दूध घरी कुणाला तरी हवं आहे. दोन्हींची वेळ एकच. गोष्टीतला खरा पेच हा आहे. कडा हा त्या पेचातून निघालेला मार्ग, आणि तोही जीव धोक्यात घालून.

तिसरं, आणि हे जरा जपून बोलतो. बुरूज बांधला म्हणजे काय झालं? ती वाट बंद झाली. गडाच्या रक्षणासाठी ते बरोबरच होतं, राजाने तसंच करायला हवं. आमचा आक्षेप महाराजांवर नाही. ज्यांनी गोष्ट सांगितली आणि ज्यांनी ऐकली, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्यांच्यावर आहे. मोठ्या दरवाजाला एक छोटी दिंडी असते. पहारेकऱ्याने दिंडी उघडून बाईला बाहेर सोडलं, असं सांगणारी आवृत्ती लोकप्रिय का झाली नाही? कारण त्यात धाडस नाही. सोय आहे. आणि सोयीचे पोवाडे होत नाहीत.

आता हिरकणी कक्षाकडे या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झालं, विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. चांगलंच झालं. पण आम्ही मनात एक बदल करून पाहिला. बाळ अडीच महिन्यांचं होतं. अडीच वर्षांचं असतं तर? तेव्हा किती कौतुक झालं असतं, आणि किती जणांनी ‘अजून पितो?’ म्हणून भुवया उंचावल्या असत्या?

शिवाय दोन वर्षांचं मूल खोलीत बसून पीत नाही. ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना माहीत आहे. दोन मिनिटं पितं, उठतं, कुत्र्यामागे पळतं, पडतं, रडतं, पुन्हा येतं. झोपताना पितं. ताप आला, तोंडाला चव नसली की फक्त तेच घेतं. त्याला कक्ष नको. आईने जवळपास असणं आणि तिला पाच मिनिटं हात मोकळे असणं, एवढंच पुरतं. खोली बांधता येते, उद्घाटन करता येतं. पाच मिनिटांचं उद्घाटन कसं करणार?

यशोदेच्या घरातली सकाळ

मग आपल्या परंपरेत मोठं मूल पिताना कुठेच दिसत नाही का? दिसतं, आणि फार ठळक दिसतं. भागवताच्या दशम स्कंधातला नववा अध्याय काढा. दामोदराची कथा. कीर्तनात तुम्ही शंभरदा ऐकली असेल. आज ती या एका बाजूने ऐका.

यशोदा ताक घुसळते आहे. कृष्ण येतो आणि रवी धरून ठेवतो. त्याला अंगावर प्यायचं आहे. ती काम थांबवून त्याला मांडीवर घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. ती त्याला अर्धवट पिऊन झालेला असताना खाली ठेवते आणि चुलीकडे धावते. कृष्ण चिडतो. दगडाने भांडं फोडतो, आत जाऊन लोणी खातो, उखळावर बसून माकडांना वाटतो. आई काठी घेऊन येते, तो पळतो, ती मागे धावते. मग बांधणं आणि दोर दोन बोटं कमी पडणं.

हे मूल किती वर्षांचं? जे पळतं, भांडं फोडतं, उखळावर चढून बसतं आणि आई मागे लागली की हुलकावणी देतं, ते सहा महिन्यांचं नाही. आणि ते अंगावर पितं. कथाकाराला यात काही चमत्कारिक वाटलेलं नाही. त्याने त्याची बाजूही मांडलेली नाही, माफीही मागितलेली नाही. घरात जसं घडतं तसं सांगितलं.

इथेही पुन्हा दोन दुधं आहेत, पाहा. एक चुलीवर उतू चाललेलं आणि एक मुलाला हवं असलेलं. यशोदा चुलीकडे धावली. भागवत तिला त्यासाठी वाईट आई म्हणत नाही. काम सोडून पाजणारी आणि पाजणं सोडून कामाकडे धावणारी बाई एकच आहे, आणि हे सगळं एका सकाळी घडतं. आमच्या वाचनात या विषयाचं याहून खरं चित्र नाही. पण आपण या कथेतून घेतलं काय? लोणीचोर घेतला. दहीहंडी घेतली. भांडं का फुटलं, हे विसरलो. मोठं झालेलं मूल मध्येच तोडलं म्हणून चिडलं होतं.

जुन्या वैद्यकालाही हे मूल ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत बालपणाचे तीन भाग दिले आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, म्हणजे दुधावरचं. दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, म्हणजे दूधही घेणारं आणि अन्नही खाणारं. त्यानंतर अन्नाद. मधला शब्द लक्षात ठेवा, क्षीरान्नाद. आजच्या बोलीत या मुलाला शब्द नाही. ‘तान्हं’ आहे, ‘लहान पोर’ आहे. मधल्या मुलासाठी आपण ‘अजून’ हे क्रियाविशेषण वापरतो. ‘अजून पितो.’ म्हणजे खरं तर थांबायला हवं होतं. कुराणातही आईने पूर्ण पाजायचं तर दोन वर्षं, असा उल्लेख आहे. वेगवेगळ्या परंपरा दोन वर्षांच्या आसपास येतात. जागतिक आरोग्य संघटनाही तेच म्हणते: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही.

मासिकाचं मुखपृष्ठ

आता जरा लांब जाऊ. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाचं एक मुखपृष्ठ जगभर गाजलं. तरुण आई कॅमेऱ्याकडे रोखून पाहत उभी आहे. तिचा तीन वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून पितो आहे. मथळ्यात आयांना उद्देशून प्रश्न होता, तुम्ही पुरेशा आई आहात का, अशा अर्थाचा.

चित्र म्हणून ते लबाड आहे असं आम्हाला वाटतं. मोठं मूल खुर्चीवर उभं राहून, कॅमेऱ्याकडे बघत पीत नाही. ते कुशीत येतं, निम्मं झोपेत असतं. चित्रकर्त्याने जिव्हाळा काढून घेतला आणि आव्हान ठेवलं. मग लोकांनी आव्हानाला उत्तर दिलं, कुणी शिव्या घातल्या, कुणी बाजू घेतली. पाजण्याविषयी कुणी बोललंच नाही.

आम्ही हे का सांगतो? कारण हिरकणी आणि हे मुखपृष्ठ वरवर उलटी टोकं दिसली तरी एक गोष्ट दोघांत सारखी आहे. दोन्हीकडे आईची परीक्षा चालली आहे. एकीकडे कडा, दुसरीकडे कॅमेरा. यशोदेच्या अंगणात परीक्षा नाही. तिथे फक्त सकाळची कामं आहेत.

चित्रातला तो नेहमी मुलगाच का?

इथे एक गोष्ट ध्यानात आली का? कृष्ण मुलगा. मुखपृष्ठावरचा मुलगा. हिरकणीचं बाळही चित्रांत मुलगाच रंगवतात. मांडीवर पिणारी, हट्ट करणारी दोन वर्षांची मुलगी आपल्या लक्षात राहिलेल्या एकाही प्रसिद्ध गोष्टीत नाही.

गोष्टीत नाही म्हणून सोडून द्यावं, तर आकडेही तिकडेच बोट दाखवतात. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती घेऊन २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की भारतात मुलींचं अंगावरचं दूध मुलांपेक्षा लवकर सुटतं. त्याचं कारण म्हणून त्यांनी जे मांडलं ते ऐकण्यासारखं आहे. मुलगी झाली, मुलगा नाही, म्हणून घराला लवकर पुढचं बाळंतपण हवं असतं. पाजणं चालू असेल तर दिवस राहायला उशीर लागतो. म्हणून मुलीचं दूध तुटतं. यात मुलीचा राग कुणी करायलाच हवा असं नाही. ‘आता पुरे, मोठी झाली’ एवढं एक वाक्य पुरतं.

म्हणून ‘अजून पाजतेस?’ हा प्रश्न आम्हाला साधा वाटत नाही. कुणाच्या बाबतीत तो लवकर विचारला जातो, ते पाहायला हवं. घरातल्या शेंडेफळाला, तोही मुलगा असेल तर, तीन-चार वर्षं कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्या मुलीच्या वेळी आठ-दहा महिन्यांतच सल्ले सुरू होतात.

आणि आपला शब्द पाहा. आपण म्हणतो, ‘मूल अंगावरून तोडलं’, ‘दूध तोडलं’. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, कोरफडीचा गर लावायचा, नाही तर पोराला चार दिवस मामाच्या गावी धाडायचं. कधी आईची खरंच गरज असते, कधी ती दमलेली असते. तिला थांबायचं असेल तर थांबण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण त्या शब्दात आई कर्ता दिसत असली, तरी ठरवणारं दुसरंच कुणी असतं अनेकदा. सासूबाई, शेजारीण, कधी मुकादम. हळूहळू कमी होत जाऊन आपोआप सुटण्याला आपल्याकडे नाव नाही, तोडण्याला मात्र आहे.

ताटाचा हिशेब

आता चौथी संहिता. कायदे आणि तक्ते. हे कंटाळवाणं वाङ्मय आहे, पण वाचायला हवं, कारण त्यातही एक आई रंगवलेली असते.

पहिला तक्ता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, २०२० चा. कुणाला रोज किती ऊर्जा लागते याचा. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० किलोकॅलरी जास्त, पुढच्या सहा महिन्यांत ५२० किलोकॅलरी जास्त. आणि बारा महिन्यांनंतर? तक्ता थांबतो. कारणं तांत्रिक असतील. पण वाचणाऱ्याला जे चित्र दिसतं ते असं, की तेराव्या महिन्यात ही बाई पाजणारी राहिलीच नाही.

आता जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं याच्या शेजारी ठेवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून येऊ शकतो. त्या वयाच्या मुलाला रोज ढोबळमानाने हजार किलोकॅलरी लागतात. म्हणजे तीनशेच्या वर. ते कुठून येतात? आईच्या अंगातून. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत तेवढी ऊर्जा असते. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला पाजणारी बाई रोज एक चांगली जाड भाकरी मुलाला देते आहे. ती भाकरी कुणाच्याच हिशेबात नाही.

दुसरा कागद, २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा हक्क त्याने दिला. किती काळ? बाळंतपणानंतर सहा महिने.

तिसरा, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातून आलेली तरतूद. कामावर परतलेल्या बाईला बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आलं. मोठी गोष्ट आहे.

चौथा, १९९२ चा कायदा, बाळासाठीच्या दूधपावडरी आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा. २००३ च्या दुरुस्तीनंतर तो दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाला लागू होतो.

हे चार कागद शेजारी ठेवून वाचा. बाजाराला सांगताना सरकारला दोन वर्षं ठाऊक आहेत. नोकरीच्या ठिकाणी पंधरा महिने. पोषणाच्या तक्त्यात बारा. आणि आईच्या ताटापर्यंत आलं की सहा. एकच आई, एकच मूल, पण खर्च जसा आईकडे वळतो तसं मुलाचं वय कमी होत जातं.

अपवादही सांगायला हवा, नाही तर टीका एकांगी होईल. रोजगार हमीच्या कायद्यात, कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, असं म्हटलं आहे. इथे कायद्याने चालणारं मूल पाहिलं. कामाच्या जागी, आईच्या हाकेच्या अंतरावर पाहिलं. आमच्या मते दिंडी उघडल्याचं हे उदाहरण आहे. प्रत्यक्षात ते किती कामांवर पाळलं जातं, हे या सभेतल्या बायाच सांगू शकतील.

दुधाचा गौरव पुरत नाही

आता आपल्या मातीत येऊ. लोणखेडा शहाद्याला लागून आहे. शेजारी साखर कारखाना, ऊस, केळी, पपई, कापूस. वर सातपुडा, धडगाव, मोलगी, तोरणमाळ. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कुणी सुरत-बारडोलीकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. मजुरी टनावर. फडाच्या कडेला झोळी, आणि झोळीत न मावणारं मूल बांधावर मोळ्यांमध्ये.

या बाईला वर सांगितलेल्यातलं काय लागू पडतं? पगारी रजा नाही, कारण पगार नाही. पाजायची सुट्टी घ्यायला कुणी अडवत नाही, पण ती घेतली की टन कमी भरतो. गावच्या अंगणवाडीत तिचं आणि मुलाचं नाव आहे, पण ती फडावर आहे. अशा वेळी दीड वर्षाच्या मुलाला रोज हमखास, ताजं, न शिजवता मिळणारं अन्न एकच असतं. तिच्या अंगावरचं. फडावर ते मूल जगवतं.

पण आता दुसऱ्या बाजूची चूकही सांगू. आम्ही इथे दुधाची आरती करायला आलो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची आढळली. याच पाहणीत देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी होती फक्त ११.३ टक्के. म्हणजे शंभरात अकरा. ही मुलं अंगावर पीत नव्हती म्हणून असं झालेलं नाही. आपल्याकडे पाजण्याची रीत आहे, लांबपर्यंत पाजण्याचीही आहे. कमी पडतं ते क्षीरान्नाद या शब्दातलं अन्न. डाळ, अंडं, तेल, शेंगदाणा, भाजी. आईच्या दुधात लोह कमी असतं. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाशिवाय ते भागत नाही.

म्हणून ‘आईचं दूध अमृत आहे’ असं भाषण करून निघून जाणाऱ्यांवर आमचा राग आहे. अमृत म्हटलं की दुसरं काही द्यायची जबाबदारी संपते. आणि ‘दोन वर्षांचं झालं, आता तोड’ म्हणणाऱ्यांवरही आहे. ते एक आधार काढून घेतात आणि त्याच्या जागी काही ठेवत नाहीत. दोघंही आईकडे बोट दाखवतात. दोघांनाही वाटीत काय आहे ते पाहायचं नाही.

१९९१ मध्ये आपल्याच राज्यात, वर्ध्यात, स्तनपानाचा प्रसार करणारी राष्ट्रीय संघटना सुरू झाली. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह होतो. या सगळ्या कामाला आमचा नमस्कार आहे. एक सूचना मात्र आहे. पुढच्या ऑगस्टला भित्तिपत्रक कराल तेव्हा एकदा तान्हं बाळ काढू नका. दीड वर्षाची मुलगी काढा, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसरा हात आईच्या खांद्यावर. आणि आईसमोर भरलेलं ताट काढा. एवढ्या चित्राने कायदा बदलणार नाही. पण ‘अजून पाजतेस?’ विचारणारी माणसं ‘तू जेवलीस का?’ असं विचारायला लागली, तर सुरुवात होईल.

मग कायद्याकडे मागणी करता येईल. पाजणारी बाई जोवर पाजते तोवर तिचं अंगणवाडीचं ताट चालू ठेवा, निदान दोन वर्षं. ती फडावर गेली तर ताट तिच्या मागे जाऊ द्या. ही दिंडी उघडायची मागणी आहे. यात बुरूज बांधायचा नाही, पुरस्कार द्यायचा नाही.



प्रश्नोत्तरांतून

एक श्रोती: सर, आमच्याकडे म्हणतात की दुसऱ्यांदा दिवस गेले की अंगावरचं दूध बिघडतं, पाजू नये. खरं आहे का?

ताई, दूध बिघडत नाही. गरोदरपणात ते कमी होतं, चव बदलते, म्हणून काही मुलं स्वतःच सोडतात. एरवी सगळं ठीक असेल तर पाजत राहायला सहसा हरकत नसते. मात्र आधी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं असेल, अंगावरून रक्त जात असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला विचारूनच ठरवायचं. आणि इथेही आमचं म्हणणं तेच. अशी बाई तीन जिवांचं खाते. तिच्या ताटात किती आहे, हा पहिला प्रश्न. दूध चांगलं की वाईट, हा नंतरचा.

एक श्रोते: मग किती वर्षांपर्यंत पाजावं, तुमचं मत काय?

दादा, ते आम्ही ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. कॅथरीन डेटवायलर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इतर प्राण्यांशी, विशेषतः माकडवर्गाशी, तुलना करून माणसाचं मूल नैसर्गिकपणे अडीच ते सात वर्षांच्या दरम्यान सुटत असावं असा अंदाज मांडला होता. तो अंदाज आहे, आज्ञा नाही. आई आणि मूल दोघांना चालतंय तोवर. तिला नको झालं तर हळूहळू, मुलाला समजावत थांबवावं. आपण घरातल्यांनी एवढंच करायचं, की त्या काळात तिच्या वाटचं एखादं काम आपल्या अंगावर घ्यायचं.